अश्लील मजकुराच्या केसमध्ये दंड भरून झालाय, तरी अपील करावं का?

प्रश्न ज्यांनी पूर्ण वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्याचे काका ठाण्यात छोटासा दिवाळी अंक काढतात, नौपाड्यातल्या घरातूनच सगळा कारभार, छपाई वागळे इस्टेटला एका प्रेसवर. २०१९ च्या अंकात एका विधवा बाईची आणि तिच्या भाडेकरूची कथा होती, त्यावरून कुणीतरी तक्रार केली, पोलिसांनी स्टॉलवरून आणि घरातून अंकांचे गठ्ठे उचलले, आयपीसी २९२, म्हणजे अश्लील मजकूर छापण्या-विकण्याचं कलम लागलं, साक्षी झाल्या आणि आता मॅजिस्ट्रेटनी काकांना दोषी धरून कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दोन हजार दंड केला. दंड त्याच दिवशी भरला. घरचे म्हणतात सुटलो एकदाचे. वकील म्हणाले दंड भरला म्हणजे विषय संपला. पुतण्याला ते पटत नाहीये, निकालाला तीन आठवडे होत आलेत, आणि शेवटी त्याने असंही विचारलंय की ती कथा ऑनलाइन टाकून लोकांचं मत घेतलं तर अपिलात उपयोग होईल का.

मी ठाणे कोर्टात फौजदारी बाजूला प्रॅक्टिस करतो, या कलमाच्या केसेस रोज येत नाहीत पण येतात, आणि दंड भरला म्हणजे संपलं हे वाक्य मी कोर्ट नाक्यावर चहा पिताना इतक्यांदा ऐकलंय की त्यावरच आधी बोलतो. दंड भरल्याने अपिलाचा हक्क जात नाही. अपील मंजूर झालं तर भरलेला दंड परत मिळतो. हक्क जातो तो दोन कारणांनी. एक, मॅजिस्ट्रेटने फक्त शंभर रुपयापर्यंत दंड केला असेल तर त्यावर अपील नाही, तुमच्याकडे दोन हजार आहे आणि वर कोर्ट उठेपर्यंतची का होईना कैद आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. दुसरं कारण महत्त्वाचं, गुन्हा कबूल केलेला असेल तर. बरेच लोक तारखांना कंटाळून "कबूल करतो, दंड करा" म्हणून मोकळे होतात आणि मग अपिलात फक्त शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढंच बोलता येतं, दोषी नाही असं म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंय साक्षी झाल्या, म्हणजे कबुली नसणार, पण काकांना विचारू नका, रोजनामा बघा, म्हणजे कोर्टात तारखेवार काय झालं त्याची नोंद. वयस्कर माणसाला सात वर्षांपूर्वी कुठल्या तारखेला काय बोललो हे आठवत नाही.

तर अपील होतं, सेशन कोर्टात होतं, मुदत निकालापासून ३० दिवस. निकालाची नक्कल मिळायला जे दिवस लागले ते त्यातून वजा होतात. कैद सुनावली असेल तर आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते, काकांच्या फाईलीत ती असेलच, शोधा. मुदत टळली तर उशीर माफीचा अर्ज करता येतो आणि सबळ कारण असेल तर माफ होतोही, पण "घरात मतभेद होते" हे कारण मी तरी लिहून देणार नाही. कलमं कुठली लिहायची याचा घोळ घालू नका. गुन्हा २०१९ चा म्हणून आयपीसीच लागणार, प्रक्रियेसाठी जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७४ आणि तिच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएसचं ४१५, मी हल्ली दोन्ही टाकतो, चुकीचं कलम लिहिलं म्हणून अपील कोणी फेकून देत नाही.

आता अपील होतं का हा सोपा प्रश्न होता, करावं का हा खरा. आणि तिथे मी सरसकट हो म्हणणार नाही. कथा मी वाचलेली नाही, निकाल वाचलेला नाही. दिवाळी अंकाच्या कव्हरखाली निव्वळ पिवळं पुस्तक विकणारे लोक आहेत, तसा प्रकार असेल तर मी स्पष्ट सांगतो की दोषसिद्धीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, प्रोबेशन मागा, म्हणजे शिक्षेऐवजी समज देऊन सोडा असं म्हणा. पण तुम्ही कथेचं जे वर्णन केलंय, बाकी अंकात कविता, पाककृती आणि राशिभविष्य आहे म्हणताय, त्यावरून तसं वाटत नाही. आणि काकांना या वर्षीही अंक काढायचाय असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात, माझ्या दृष्टीने ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

कारण २९२ ला पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारापर्यंत दंड आहे, पण दुसऱ्या किंवा पुढच्या दोषसिद्धीला पाच वर्षं आणि पाच हजार. म्हणजे काकांना पहिल्या वेळचा कमाल दंडच झालाय, कैद नावापुरती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं २९४ आलं, त्यात दंड पाच हजार आणि दुसऱ्यांदा दहा हजार केलाय, कैद तीच. आता समजा पुढच्या एखाद्या अंकावरून परत कुणी तक्रार केली तर जुन्या कायद्याखालची दोषसिद्धी नव्या कायद्यात "पहिली" म्हणून मोजायची का यावर वाद होईल, पण सरकारी वकील ती मोजायला सांगणार यात मला शंका नाही. आज दोन हजारात सुटलेला माणूस उद्या पाच वर्षांच्या चौकटीत उभा राहतो. अंक बंद करायचा ठरवला असता आणि काकांना आता कोर्टाची पायरी नकोच असती तर मी म्हटलं असतं विचार करा, तब्येत, खर्च, मनस्ताप सगळं धरून. पण अंक चालू ठेवायचा आणि निकालही तसाच ठेवायचा हे दोन्ही एकत्र करू नका.

दुसरी गोष्ट जी कुणी सांगत नाही, मुद्देमाल. निकालाच्या शेवटच्या पानावर आदेश असतो त्यात खाली कुठेतरी लिहिलेलं असेल की जप्त अंक अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावेत. या गुन्ह्यात दोषी धरलं की प्रती नष्ट करायचा अधिकार कोर्टाला आहे, सीआरपीसी ४५५. तुम्ही गप्प बसलात की मुदत संपते आणि मग एक दिवस मुद्देमाल कारकून यादी काढतो. त्यात तुमचा पुरावा जातो. उशीर माफी घेऊन चार महिन्यांनी अपिलात आलात तर जज म्हणतील मूळ अंक दाखवा, आणि मूळ अंक नसेल. म्हणून अपिलाबरोबर पहिला अर्ज कसला तर नष्ट करण्याच्या आदेशाला स्थगितीचा, शिक्षा स्थगितीचा नाही. ती तर भोगून झालीये.

आता अपिलात बोलायचं काय. इथे बहुतेक लेखक प्रकाशक मंडळी एकच चूक करतात, ते अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर भाषण तयार करून येतात. कलम २९२ घटनेत बसतं हे सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्येच सांगून टाकलंय, मुंबईच्या हॅपी बुक स्टॉलच्या केसमध्ये. इंग्लंडमधल्या एका गाजलेल्या कादंबरीची विनाकाटछाट प्रत विकली म्हणून स्टॉलच्या भागीदारांना प्रत्येकी वीस रुपये दंड झाला होता, त्यांच्यातले रणजित उदेशी रिव्हिजनमध्ये हायकोर्टात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात गेले, आणि हरले. मुल्कराज आनंद यांच्यासारखा लेखक बचावाचा साक्षीदार म्हणून उभा होता तरी हरले. त्याच्या आधीचं उदाहरण तर आपल्या घरचं, र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ साली खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे होते, तरी दंड झालाच. तेव्हा मोठा माणूस आणि मोठं तत्त्व यावर या केसेस सुटत नाहीत.

सुटतात कशावर? मॅजिस्ट्रेटने तपासलं काय आणि कशाच्या आधारावर, यावर. म्हणून माझी पद्धत अशी आहे की निकाल हातात आला की आधी त्यातलं कायद्याचं पान काढायचं आणि कुठली कसोटी लावलीये ते बघायचं. जुनी कसोटी हिकलिनची, १८६८ ची इंग्लंडमधली, की ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो अशांच्या हाती मजकूर पडला तर ते बिघडतील का. म्हणजे सगळ्यात कच्च्या मनाचा वाचक धरायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांचं वाचन मापायचं. हॅपी बुक स्टॉलच्या केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ती थोडी बदलून घेतली. २०१४ साली अवीक सरकारच्या केसमध्ये, म्हणजे टेनिसपटू बोरिस बेकरचा होणाऱ्या बायकोबरोबरचा फोटो छापला होता ती केस, सुप्रीम कोर्टाने हिकलिन सोडून दिली आणि सांगितलं की आजच्या समाजाची मापं लावा, सर्वसाधारण माणूस धरा, आणि मजकूर पूर्ण संदर्भात बघा. गंमत अशी की खाली अजूनही जुना परिच्छेद जसाच्या तसा उतरवलेले निकाल येतात, कारण जुन्या निकालाचं टायपिंग तयार असतं. तुमच्या निकालात हिकलिनवाला परिच्छेद असेल आणि २०१४ चं नावही नसेल तर तुमचा पहिला ग्राउंड तयार झाला, आणि तो कायद्याचा मुद्दा आहे, साक्षीदार खोटे की खरे याच्याशी संबंध नाही. इंग्लंडमध्येही १९७१ ला एका मासिकाच्या संपादकांना तुरुंगवास झाला होता, मुख्य संपादकाला १५ महिने, आणि अपिलात अश्लीलतेच्या कायद्याखालची दोषसिद्धी रद्द झाली ती जजने ज्युरीला अश्लील म्हणजे काय हे चुकीचं समजावून सांगितलं म्हणून. तत्त्व तिथेही बाजूलाच राहिलं.

दुसरं, संपूर्ण मजकूर बघितला का. कलमातच शब्द आहेत की परिणाम एकूण मजकुराचा बघायचा. आणि प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तपासी अंमलदार अंक घेतो, त्यातली दोन पानं झेरॉक्स करतो, त्यावर लाल पेनने पाच सहा ओळी अधोरेखित करतो आणि ते झेरॉक्स चार्जशीटला लावतो. पंचनाम्यात लिहितो "अश्लील मजकूर असलेले अंक", म्हणजे पंचांनीच निकाल देऊन टाकला. मग साक्षीच्या वेळी सरकारी वकील तेच झेरॉक्स दाखवतात, त्याला निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर पडतो, अख्खा अंक मुद्देमालाच्या पिशवीत सील करून तसाच राहतो, आणि निकालात त्याच लाल ओळी परत उतरवून पुढे लिहिलेलं असतं की या ओळींवरून मजकूर अश्लील असल्याचं दिसतं. आमटीतल्या मिरच्या तेवढ्या काढून ताटात मांडायच्या आणि स्वयंपाक तिखट आहे म्हणायचं. तर तुमच्या केसमध्ये अंक प्रत्यक्ष कोर्टासमोर उघडला गेला का, त्याला निशाणी किंवा आर्टिकल नंबर पडला का, हे निकालाच्या सुरुवातीला किंवा शेवटी जी पुराव्याची यादी असते त्यात बघा. फक्त कथेच्या पानांना निशाणी असेल तर निदान अख्खी कथा तरी आहे का, की मधलीच पानं.

त्याला जोडून ३१३ चा जबाब काढा, म्हणजे साक्षी संपल्यावर कोर्ट आरोपीला प्रश्न विचारतं तो. त्यात काकांना त्या नेमक्या ओळींबद्दल विचारलं होतं का, की नुसतं "तुम्ही अश्लील अंक छापला असं साक्षीदार म्हणतात, यावर काय म्हणणं आहे" आणि उत्तर "खोटं आहे". ज्या मजकुरावरून दोषी धरायचं तो आरोपीसमोर ठेवलाच नाही हा मुद्दा नुसता धरला तर कमी पडतो, मागच्या दोन्हींबरोबर धरला तर वजन येतं.

आता केस लॉ. या बाबतीत ठाण्यातल्या दिवाळी अंकवाल्याचं नशीब चांगलं आहे म्हणायला हवं, कारण सुप्रीम कोर्टाचा या विषयावरचा एक महत्त्वाचा निकाल मराठी दिवाळी अंकावरचाच आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही गोष्ट 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती, पुण्यात फिर्याद झाली, हायकोर्टाने लेखकाला पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. गोष्ट थोर वाङ्मय आहे असं कोर्टाने अजिबात म्हटलं नाही हे लक्षात घ्या. कोर्टाने गोष्ट वाचली, प्रसंग कथेत कशासाठी येतात ते बघितलं, आणि समाजाची मापं काळाप्रमाणे बदलतात, लेखकाने फक्त अल्पवयीनांसाठी लिहावं अशी सक्ती करता येत नाही या दिशेने गेलं. पंचवीस रुपयासाठी माणूस दिल्लीपर्यंत गेला, घरच्यांना हे जरूर सांगा.

दुसरा समरेश बसूंचा. बंगालीतली 'प्रजापती', 'देश'च्या शारदीय अंकात आलेली, फिर्याद १९६८ ची, मॅजिस्ट्रेटने लेखक प्रकाशकाला २०१ रुपये दंड आणि अंकातली ती पानं नष्ट करायचा आदेश दिला, हायकोर्टाने कायम केला, आणि १९८५ साली सुप्रीम कोर्टाने सोडलं. यातला कामाचा भाग म्हणजे ग्राम्य आणि अश्लील यातला फरक. ग्राम्य लिखाणाने किळस येते, कंटाळा येतो, पण माणूस बिघडतो असं नाही. आणि जजने वाचायचं कसं तेही सांगितलंय, आधी लेखकाच्या जागी बसून, मग सगळ्या वयाच्या वाचकांच्या जागी बसून, आणि मग शांत डोक्याने स्वतः. मी अपिलात हा परिच्छेद वाचून दाखवतो आणि मग विचारतो, खालच्या कोर्टाने यातली कुठली पायरी केली ते निकालात दाखवा. शिवराळ भाषेचा प्रश्न असेल तर मार्च २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा वेब सिरीजवरचा निकाल आहे, अपूर्वा अरोराच्या नावाचा, शिव्या आणि अश्लीलता एक नाही असं त्यात स्वच्छ म्हटलंय.

एक उलट बाजूचा निकालही माहीत असू द्या कारण समोरचे दाखवतील. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेवरचा, २०१५ चा. त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की थोर ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी तसली भाषा घातली तर माप जास्त कडक लागेल. तुमच्या कथेत कुणी ऐतिहासिक व्यक्ती नाही त्यामुळे थेट लागत नाही. पण त्याच केसमध्ये प्रकाशक आणि मुद्रक सुटले, त्यांनी आधीच विनाशर्त माफी छापली होती म्हणून, आणि कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. काकांनी २०१९ नंतरच्या एखाद्या अंकात खुलासा किंवा दिलगिरी छापली होती का? असेल तर तो अंक जपून ठेवा पण वकिलाशी बोलल्याशिवाय कुठे लावू नका. शिक्षेच्या मुद्द्यावर दिलगिरी कामाला येते, दोषसिद्धीच्या मुद्द्यावर तीच उलटून "म्हणजे चूक मान्य होती" अशी वाचली जाते.

साहित्यिक साक्षीदार ट्रायलला तपासला नव्हता असं तुम्ही म्हणता. तपासायला हवा होता, कारण मजकूर वाङ्मयाच्या, कलेच्या हितासाठी आहे हा जो अपवाद १९६९ च्या दुरुस्तीने कलमात आला तो सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. अपिलात नवीन पुरावा आणायचं कलम आहे, ३९१, पण राहिलेली फट बुजवायला कोर्ट ते सहसा वापरू देत नाही, अर्ज करून बघा पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा एक सोपं काम करा. आपल्याकडे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे जाऊन २०१५ ते २०१९ चे चांगल्या नावाचे दिवाळी अंक चाळा आणि तशाच विषयाच्या कथा काढा. दुसऱ्यांनी छापलं म्हणून आम्ही छापलं असा बचाव होत नाही, तो करायलाही जाऊ नका. पण त्या काळात मराठी मध्यमवर्गीय घरात टीपॉयवर काय पडलेलं असायचं हे वकिलाला माहीत असलं की युक्तिवादात समाजाचं माप म्हणजे काय हे हवेत बोलावं लागत नाही.

प्रेसवाल्याचं तुम्ही काही लिहिलं नाही. त्यालाही दोषी धरलं असेल तर त्याचं अपील वेगळं करा आणि शक्यतो वकीलही वेगळा. त्याचा बचाव असणार की मी पानं लावली, वाचली नाहीत, आणि काकांचा बचाव आहे की मी वाचून निवडली कारण कथा चांगली होती. एकाच तोंडाने दोन्ही बोलता येत नाही. "मला माहीत नव्हतं" हा बचाव हॅपी बुक स्टॉलच्या केसपासून तसाही अवघड आहे, पण त्याचा तो बघेल.

अपिलात धोका काय, शिक्षा वाढेल का असं घरचे विचारतील. तुम्ही केलेल्या अपिलात सेशन कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. सरकारने शिक्षा कमी आहे म्हणून वेगळं अपील केलं तर गोष्ट वेगळी, तसं काही आलं असतं तर तुम्हाला नोटीस आली असती. मेरिटवर ऐकल्याशिवाय, नुसतं वकील हजर नव्हता म्हणून अपील काढून टाकता येत नाही हेही सुप्रीम कोर्टाने १९९६ साली बनी सिंगच्या केसमध्ये ठरवलंय. आणि दोषसिद्धी कायम राहिली तरी पर्यायी मागणी म्हणून प्रोबेशन मागून ठेवा, अपिलाच्या मेमोतच. दोन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्याला नुसती समज देऊन सोडायचं कलम आहे, प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्टचं ३, अपिलातलं कोर्टसुद्धा ते वापरू शकतं, आणि त्याचा फायदा असा की दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही. सत्तरीतल्या, आधी काही नसलेल्या माणसासाठी मी हे नेहमी मागतो. काहींना वाटतं हे मागितलं म्हणजे हार मानली, तसं काही नाही, जज दोन्ही मागण्या वेगवेगळ्या वाचतात.

किती वेळ लागेल, तर बोर्डावर, म्हणजे त्या कोर्टापुढे किती केसेस आहेत यावर अवलंबून आहे. आर अँड पी, म्हणजे खालच्या कोर्टातली केसची सगळी कागदपत्रं, यायलाच कधी कधी वेळ जातो आणि एकदा आलं की या केसची सुनावणी दोन तारखांच्या वर जायचं कारण नाही. खर्च वकिलावर अवलंबून, त्याचा आकडा मी इथे देणार नाही. सेशनला हरलात तर पुढे हायकोर्टात रिव्हिजन आहे, ९० दिवसांत, पण रिव्हिजनमध्ये पुरावा परत तोलत नाहीत, कायद्याची चूक दाखवावी लागते. म्हणजे कथा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुणी न्यायाधीशाने वाचावी असं वाटत असेल तर सेशनचं अपील हीच जागा. आणि इथे ती मराठीतच वाचली जाईल, काकोडकरांची गोष्ट सुप्रीम कोर्टाला इंग्रजी भाषांतरातून वाचावी लागली होती. मी तर कथेची स्वच्छ, मोठ्या टायपातली प्रत करून घेतो, लाल रेघा नसलेली, आणि युक्तिवादाच्या आदल्या तारखेला देऊन ठेवतो, घरी नेऊन वाचा म्हणून. दुपारच्या सत्रात एपीपी, म्हणजे सरकारी वकील, चार ओळी वाचतात त्यापेक्षा त्याचा परिणाम वेगळा होतो, हे माझं मत.

आता ऑनलाइन टाकायचं. नका टाकू. अंक छापील होता म्हणून २९२ लागलं. तीच कथा फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ करून फिरवलीत तर आयटी ॲक्टचं ६७ येतं, पहिल्यांदाच तीन वर्षं आणि पाच लाखापर्यंत दंड, आणि तिथे आरोपी काका नसतील, तुम्ही असाल. त्यातून कोर्टाने जी गोष्ट अश्लील ठरवलीये ती अपील चालू असताना पसरवली हे एपीपी पहिल्याच तारखेला सांगतील. लोकांच्या लाइक कमेंटचा अपिलात शून्य उपयोग आहे, रेकॉर्डवर नसलेलं काहीही जज बघत नाहीत. इथेही कथेतल्या ओळी टाकू नका, कुणी मागितल्या तरी.

सोमवारी एवढं करा. काकांना घेऊन कोर्टात जा, सोबत आधार कार्ड आणि केस नंबर, नक्कल विभागात निकाल, ३१३ चा जबाब, पंचनामा आणि सगळ्या निशाण्यांच्या सर्टिफाईड नकलांसाठी अर्ज द्या, आणि अर्ज दिल्याची तारीख पावतीवर दिसतेय ना ते तिथेच उभं राहून बघा, कारण ते दिवस त्या तारखेपासून वजा होणार आहेत. दंडाची पावती फाईलला लावा. वकील बदलायचा असेल तर जुन्यांकडून फाईल आणि एनओसी घ्या, भांडू नका, त्यांच्या उलटतपासातलं काही ना काही तुम्हाला लागेलच. आणि निकालाच्या शेवटच्या पानावर मुद्देमालाबद्दल नेमकं काय लिहिलंय तेवढं मला खाली कळवा, त्यावर स्थगितीचा अर्ज पहिल्याच दिवशी तातडीने ऐकायला लावायचा की नाही ते ठरेल.